जेथे माती नाही

कामथडीच्या शिवारात सूर्यास्तानंतर उभे राहिले, की कधी कधी एक ठळक ठिपका, न लुकलुकता, आकाश ओलांडून जाताना दिसतो. तो तारा नव्हे. ते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक होय. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ते पृथ्वीभोवती फिरत असते. दुरुस्तीसाठी अंतराळवीरांना त्याच्या बाहेर पडावे लागते. तेथे एक अदृश्य शत्रू दबा धरून असतो. तो म्हणजे विद्युतभार.

मुलांनो, हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. साठलेला भार वाट मिळताच निसटतो, त्याचीच ती ठिणगी. घरातील एखाद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती जमिनीत निघून जावी, म्हणून आपण अर्थिंगची तार मातीत पुरतो. पण अंतराळात माती कोठून आणावी?

त्या उंचीवरील विरळ वायूचे कण सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात व त्यांतून धन आयन आणि ऋण इलेक्ट्रॉन वेगळे होतात. स्थानकाची सौर पॅनेले १६० व्होल्ट दाबाची वीज निर्माण करतात. त्यांच्या धन भागाकडे चपळ इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि स्थानकाचा धातूचा सांगाडा ऋणभारित होतो. सांगाड्यावरील पातळ संरक्षक थर त्या दाबाने भेदला गेला, तर ठिणगी पडते. अंतराळवीराच्या पोशाखात धातूचे भाग असतात; आतील कपडे घामाने ओलसर झालेले असतात. अशा वेळी प्रवाह त्याच्या छातीतून जाण्याची भीती असते.

शास्त्रज्ञांनी यावर मोठी नामी युक्ती योजली. २००० साली स्थानकावर दोन उपकरणे बसविण्यात आली. झेनॉन वायूचे कण त्यांत विद्युतभारित होतात व त्या वायूच्या झोतातून सांगाड्यावरील जादा इलेक्ट्रॉन बाहेर वाहून जातात. जणू मातीऐवजी वायूत पुरलेली अर्थिंगची तारच! त्यामुळे दाब ४० व्होल्टच्या आत राखता येतो. एक उपकरण बंद पडले, तरी दुसरे हाताशी असते. नुसत्या अंदाजावर विसंबू नये, म्हणून २००६ साली हा दाब मोजणारे यंत्रही तेथे बसविले गेले.

भारतीय वंशाच्या सुनीता विल्यम्स यांनी २००६ ते २०२५ या काळात नऊ वेळा अंतराळात चालून ६२ तासांहून अधिक काळ बाहेर काम केले. अशा धाडसामागे किती सावधपणा असतो, पाहा! धाडस आणि खबरदारी या सख्ख्या बहिणीच होत. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा : आपल्या घरची अर्थिंगची तार शाबूत आहे ना?

स्वाध्याय
१. स्थानकाचा सांगाडा ऋणभारित का होतो?
२. झेनॉन वायूच्या उपकरणाला अर्थिंगच्या तारेची उपमा का दिली आहे?
३. ‘दबा धरून असणे’ आणि ‘हाताशी असणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.