चाक आधी की माती?

प्रश्न : धारावीच्या कुंभारवाड्यात चाक पाहिल्यापासून माझ्या सहा वर्षांच्या मुलीला स्वतः मडकं करायचं आहे. तिला आत्ताच चाकावर बसवावं का?

उत्तर : जरूर बसवा, पण आधी काही दिवस तिला नुसत्या हातांनी मातीत खेळू द्या. चिमटीने वाटी करताना, वळ्या एकावर एक रचताना माती कधी तडकते आणि कधी ढासळते, हे बोटांना कळतं.

चाकावरचं सर्वांत अवघड काम म्हणजे गोळा बरोबर मध्यावर आणणं. त्याला अंगाचा भार लागतो आणि तो एवढ्या लहान मुलांकडे नसतो. ते काम शिकवणाऱ्याने करून द्यावं. पाव किलो माती पुरते. मग अंगठ्यांनी खळगा करणं, भिंत उचलणं तिला जमेल. तिथे तिच्या हातांवर आपले हात ठेवून भांडं ‘सुंदर’ करायचा मोह कृपया आवरा. वाकडी वाटी तिची स्वतःची असते!

विजेचं चाक असेल तर वेग अगदी कमी ठेवा, केस बांधा. सांडून सुकलेली माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते.

भांडं सावलीत सावकाश वाळू द्या. ओलं भांडं भाजायला घातलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं. घरच्या ओव्हनमध्ये माती पक्की होत नाही. त्यासाठी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. जवळपासच्या कुंभारांच्या भट्टीत जागा मिळेल का, हे मुलीला सोबत नेऊनच विचारा.