ब्राउझरमधले जंत

जंत झालेलं मूल लगेच अंथरूण धरत नाही. जेवतं, खेळतं, शाळेत जातं. फक्त खाल्लेलं अंगी लागत नाही. जंतांना त्या मुलाला मारायचं नसतं, त्याच्या ताटातलं खाऊन जगायचं असतं. ब्राउझरचा ताबा घेणाऱ्या प्रोग्रॅमची, म्हणजे ब्राउझर हायजॅकरची, जात हीच. हळदीचा भाव शोधायला जावं तर भलतंच सर्च पान उघडतं, तुम्ही न बदलता होमपेज बदललेलं असतं, ‘फोनमध्ये व्हायरस सापडला’ अशा सूचना येत राहतात. फोन मात्र चालू असतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. माझ्यासारख्या डॉक्टरने यावर लिहावं, कारण हा बिघाड यंत्रापेक्षा तुमच्या माहितीचा जास्त आहे. आज रुग्ण दवाखान्याआधी मोबाईलला विचारतो. मुतखड्यावर किंवा साखरेवर तुम्ही काय शोधलंत आणि तुम्हाला काय दाखवायचं, हे दोन्ही त्या हायजॅकरच्या हाती गेलं, तर हमखास गुण येईल म्हणणाऱ्या बोगस औषधाची जाहिरातच तुम्हाला सल्ला वाटेल.

‘नुसत्या जाहिराती तर येतात, त्यात काय एवढं?’ हा आक्षेप नेहमीचा. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा हायजॅकर उजेडात आणला. बीजिंगच्या राफोटेक कंपनीशी त्याचा संबंध त्यांनी जोडला. जगभरातले २५ कोटी संगणक बाधित असल्याचा त्यांचा अंदाज होता आणि त्यात सर्वाधिक, सुमारे २ कोटी ५३ लाख, भारतातले. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचं म्हटलं, आणि ती शंका मला रास्त वाटते. पण धोका खरा असल्याचं त्यांनीही मान्य केलं. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप आत यायचं, होमपेज आणि सर्च इंजिन बदलायचं, आणि हवं तेव्हा दुसरा प्रोग्रॅम उतरवून चालवायचा, एवढी ताकद त्याच्यात होती. जाहिरात दाखवणं हा त्याने स्वतःहून निवडलेला संयम होता.

उपचारात मोठी चूक होते ती लक्षण दाबण्याची. होमपेज पुन्हा गुगल करणं म्हणजे तापावर पॅरासिटामॉल. दुसऱ्या दिवशी तेच पान परत येतं. आधी मूळ काढा. संगणकावर अलीकडे आलेले अनोळखी प्रोग्रॅम आणि ब्राउझरमधली एक्स्टेंशन्स काढून टाका, मग सर्च इंजिनची यादी तपासा, नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइट्स बंद करा, सेटिंग्ज रीसेट करा आणि शेवटी विंडोजच्या डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा. फोनवर ‘इतर अ‍ॅप्सच्या वर दिसण्याची’ परवानगी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार कुणाकडे आहे ते बघा. अ‍ॅप निघत नसेल तर आधी तो अधिकार काढून घ्या किंवा फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. ‘त्यापेक्षा फोन फॉरमॅट मारतो’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: खात्याच्या सिंकमधून तेच एक्स्टेंशन आणि बॅकअपमधून तेच अ‍ॅप परत येऊ शकतं. अल्बेंडाझोल घेतलं, पण हात न धुता जेवायला बसलं, तर जंत पुन्हा होणारच. राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत गोळी एकदाच देऊन भागत नाही, त्याचं कारणही पुन्हा होणारी लागण हेच.

‘अँटीव्हायरस आहे की’ हाही भरवसा पुरा पडत नाही, कारण यातला बराचसा शिरकाव आपणच ‘अलाऊ’ किंवा ‘नेक्स्ट’ दाबून करून देतो. इन्स्टॉल करताना आधीपासून खूण केलेले चौकोन वाचा आणि रिकामे करा. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली योजनेची किंवा पीक विम्याची एपीके फाइल उघडू नका. तिथून हायजॅकरच काय, बँकेचा ओटीपी वाचणारं अ‍ॅपही येऊ शकतं. स्टोअरमध्येही वाईट अ‍ॅप्स सापडली आहेत, तरी तिथे निदान तपासणी होते. ‘व्हायरस सापडला’ म्हणणाऱ्या पानावरच्या नंबरला फोन करू नका. सेवा केंद्र चालवणाऱ्यांवर जबाबदारी जास्त, कारण त्यांच्या एका संगणकावर साऱ्या गावाचे आधार आणि पासबुक उघडतात. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधनं मोफत आहेत, ती वापरावीत. पासवर्ड बदलायचे ते साफ यंत्रावरूनच. आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर फोन साफ करत बसू नका, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.