आजोबांचा न धुतलेला रोल

प्रश्न : आमचं घर तुडीलला, सावित्रीच्या खाडीपट्ट्यात. परवा माळा आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत दोन कॅमेरे होते. एक अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री आणि दुसरा आखातातून कुणीतरी आणलेला याशिका इलेक्ट्रो ३५. याशिकाच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेला 'इंदू'चा एक रोलही मिळाला. फोटो काढून झालेले आहेत, पण रोल कधी धुवायला दिलेला दिसत नाही. मला हा छंद सुरू करायचाय. हे कॅमेरे चालतील की नवा घेऊ? रोल घरी धुता येतो का? पुढे सॉफ्टवेअर कोणतं वापरू? आणि मुख्य म्हणजे, त्या रोलवर अजून काही शिल्लक असेल का?
— एक वाचक, तुडील (ता. महाड)

उत्तर : चाळीसेक वर्षं हा छंद केल्यावर माझी एक समजूत पक्की झाली आहे. आपल्या भागात फोटोग्राफी म्हणजे पाण्याशी व्यवहार. जूनपासून हवेतलं पाणी लेन्स खातं. मे महिन्यात रोल धुवायला पाणी पुरत नाही. आणि एखाद्या जुलैत नदीच घरात येते. तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी पाणीच आहे, म्हणून त्याच वाटेने जाऊ.

ते पांढरे धागे

ती बुरशी. तिचे बीजाणू हवेत असतातच. दमटपणा, अंधार आणि कोंडलेली हवा मिळाली की ती लेन्सवर रुजते. तुमच्या ट्रंकेत तिन्ही गोष्टी होत्या, त्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरात असेल तर बुरशीला जेवणही आयतं. म्हणून पहिलं काम हे करा की कॅमेरा कव्हरातून कायमचा बाहेर काढा.

धागे कडेला आणि विरळ असतील तर फोटोत ते दिसणारही नाहीत. मधोमध दाट असतील तर समोरून उजेड आला की चित्र धुकट होतं. चांगला कारागीर लेन्स उघडून पुसून देतो. मात्र बुरशीने काचेवरचा थर कोरला असेल, तर तो डाग जात नाही. घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका. मी बसलो होतो. एक स्प्रिंग उडाली ती अजून सापडलेली नाही.

पुढचा पावसाळा सांभाळायचा तर रबरी कडेचा, हवाबंद झाकणाचा डबा घ्या. त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. साठच्या वर गेला की बुरशीचं फावतं. निळी सिलिका गुलाबी पडली की ती पाणी पिऊन तृप्त झाली असं समजा. स्वयंपाकाला कधीच वापरणार नाही अशा जुन्या कढईत, मंद आचेवर ती पुन्हा निळी होईपर्यंत तापवा. सिलिकाऐवजी तांदूळ ठेवा, असं कुणी सांगेल. ऐकू नका. तांदळाची पूड लेन्समध्ये जाते आणि दमटपणा काही हटत नाही.

नवा कॅमेरा?

इतक्यात नको. याशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६ पासूनचा कॅमेरा. त्याची ४५ मिलिमीटर, एफ १.७ ची लेन्स आजही भल्याभल्यांना लाजवते. त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, पण ६ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी अ‍ॅडॅप्टर घालून चालते. बॅटरीशिवाय त्याचं शटर फक्त १/५०० सेकंदाने पडतं. त्यामुळे 'क्लिक आवाज येतो, म्हणजे चालू आहे' असं म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहा. दुरुस्त झाला नाहीच, तर पेंटॅक्स के १००० शोधा. १९७६ ते १९९७ एवढा काळ तो बनत होता. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला, बाकी सगळं यंत्र हाताच्या जोरावर.

क्लिक थ्री हा साधा डबा कॅमेरा. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो. एका पिढीची लग्नं, मुंजी आणि शाळेच्या सहली या डब्यांनी टिपल्या. भर उन्हात तो अजूनही छान काम करेल. पैसे उरले तर रोल घ्या. कॅमेरा बदलून हात सुधारत नाही, रोल संपवून सुधारतो.

रोल घरी धुणं

आपण 'रोल धुवायला टाकला' म्हणतो ते उगाच नाही. या कामात जितकं रसायन तितकंच धुणं आहे. आणि हे घरात करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरी धुतला गेला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातल्या माणसांना जेवूखाऊ घालत आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडत, रसायनंही कालवत. तुम्हाला तर एकच रोल धुवायचाय.

सुरुवात ब्लॅक अँड व्हाइटने करा. रंगीत रोलच्या रसायनाला नेमकं ३८ अंश तापमान लागतं आणि तिथे चुकीला जागा नाही. ब्लॅक अँड व्हाइट जास्त समजूतदार. डी-७६ नावाचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, तयार मिळतो. स्वतः करायचा तर एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल सल्फाइटच्या आधी विरघळवायचं, नाहीतर ते विरघळायला कुरकुरतं. हातमोजे घाला. भांडी, चमचे, तराजू वेगळे ठेवा आणि ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

आता अंधार. लाल दिव्याच्या खोलीत फिल्म धुतात हा सिनेमातून पसरलेला गैरसमज. लाल दिवा कागदावर फोटो छापताना चालतो. नेहमीच्या फिल्मला लाल रंगही दिसतो, त्यामुळे ती पूर्ण काळोखातच रिळावर चढवून, उजेड न शिरणाऱ्या झाकणाच्या टाकीत भरावी लागते. आमच्या जुन्या घरात कौलांच्या फटीतून दिवसा चांदणं पडायचं, म्हणून मी रात्री दोन गोधड्यांखाली हात घालून रोल भरायचो. घाम, डास आणि रीळ न शोधता येणारी बोटं. आधी एक वाया गेलेला रोल उजेडात भरून पाहा, मग डोळे मिटून, मग अंधारात. टाकीचं झाकण लागलं की पुढचं सगळं दिव्याखाली करता येतं.

खरी कसोटी तापमानाची. पुस्तकातले आकडे २० अंशांचे असतात. इलफर्डचा एचपी५ प्लस हा ब्लॅक अँड व्हाइट रोल डी-७६ मध्ये त्या तापमानाला साडेसात मिनिटं घेतो. २४ अंशांना तोच वेळ सुमारे पाच मिनिटांवर येतो. त्याखाली वेळ गेला की फिल्म सारखी धुतली जात नाही, आकाशात पट्टे उठतात. आमच्याकडे उन्हाळ्यात माठातलं पाणी मला तारून न्यायचं, जुलैत मात्र माठही थंड होईना. हवाच पाण्याने भरलेली, तर माठाच्या अंगावरचं पाणी उडणार कुठे? त्यावर उपाय म्हणजे घमेल्यात पाणी, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ आणि त्या पाण्यात डेव्हलपरची बाटली. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होतो. पाणी २० अंशांवर येईना, तर डेव्हलपरमध्ये समप्रमाणात पाणी घाला. वेळ लांबतो आणि काम हातात राहतं. ठरलेला वेळ मात्र त्या तापमानाच्या तक्त्यातूनच घ्या.

डेव्हलपर ओतून घेतला की एकदा साध्या पाण्याने विसळा आणि मग फिक्सर, म्हणजे आपला हायपो. हे मीठ फिल्मवरचे न वापरलेले चांदीचे क्षार विरघळवतं. चांदीचे क्षार त्यात विरघळतात, हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेलला १८१९ मध्येच दिसलं होतं. फोटोग्राफी जन्मायच्या वीस वर्षं आधी!

शेवटची धुलाई. पूर्वी नळाखाली अर्धा तास वाहत्या पाण्यात रोल ठेवायचो. महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात नद्या उतू जातात आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतो, तिथे ही चैन कशी परवडेल? इलफर्डची पद्धत घ्या. टाकी भरायची, पाच वेळा उलटीपालटी करायची, पाणी टाकायचं. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. ३५ मिलिमीटरच्या एका रोलला जेमतेम एक लिटर पाणी लागतं आणि फिल्म स्वच्छ निघते. शेवटचं विसळणं मात्र डिस्टिल्ड पाण्याने करा, कारण पावसाळ्यात नळाला येणारा गाळ फिल्मवर तारे उमटवतो.

वापरलेला फिक्सर मोरीत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. त्यात चांदी असते. जुने स्टुडिओवाले तो जमवून चांदी काढणाऱ्यांना विकायचे. घरी करायचं तर बाटलीत भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी टाकून ठेवा. लोखंड विरघळत जातं आणि चांदी तळाला काळ्या गाळासारखी बसते. खाडीला आधीच सोसायला पुष्कळ आहे.

सॉफ्टवेअर

या प्रश्नावर लोक तासन्‌तास भांडतात, माझं उत्तर मात्र छोटं आहे. निगेटिव्ह पांढऱ्या उजेडाच्या पाटीवर ठेवा, डिजिटल कॅमेऱ्याने किंवा चांगल्या फोनने वरून सरळ फोटो घ्या आणि तो उलटा करा. त्याला जिम्प किंवा डार्कटेबल पुरतं, दोन्ही फुकट मिळतात. फोटोशॉप १९९० पासून आहे आणि उत्तमच आहे, पण तुम्हाला त्यातली चार बटणं लागतील. काळ्याची आणि पांढऱ्याची हद्द ठरवणं, मधला करडा उजळणं, फोटो कापणं आणि धुळीचे ठिपके पुसणं.

एक इशारा. हल्ली एका बोटाने जुना फोटो 'नवा' करून देणारी अ‍ॅप आली आहेत. ती पुसट चेहऱ्याच्या जागी स्वतःच्या मनाचा चेहरा बसवतात. पणजीचं नाक तिचं राहत नाही. मूळ स्कॅन हात न लावता वेगळा ठेवा.

आणि प्रती तीन करा, त्यातली एक गावाबाहेर. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं तेव्हा कितीतरी घरांतले अल्बम आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात भिजल्या. फोटो ओले होऊन चिकटले तर ते तसेच वाळू देऊ नका, ओढून सोडवूही नका. स्वच्छ गार पाण्यात बुडवून हळूहळू सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. दोन दिवसांत जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. निगेटिव्ह आयुष्याची सुरुवातच पाण्यात करतं. पुराचं पाणी त्याला लगेच मारत नाही, चिकटून वाळणं मारतं.

आणि तो रोल

'इंदू' हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, म्हणजे आपल्या सरकारी कारखान्याचा रोल. १९६० मध्ये स्थापन झालेली ती कंपनी उटीला गेली ती तिथल्या थंड, धूळ नसलेल्या हवेसाठी. तुमचा रोल मात्र वर्षानुवर्षं कोकणातल्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत राहिला. प्रकाशाने फिल्मवर सोडलेली न दिसणारी खूण उष्णतेने आणि दमटपणाने विरत जाते आणि सगळीकडे करडं धुकं चढतं. काहीतरी शिल्लक असण्याची आशा धरायला हरकत नाही, स्पष्ट फोटोंची मात्र धरू नका.

त्यावर शिकायला बसू नका. आधी स्वतःचे पाच-सहा रोल धुवा. मग तो घ्या. पाणी २० अंशांच्या वर नको, जुना थर मऊ पडलेला असतो, बोट लागलं तरी सोलवटतो. धुकं कमी ठेवणारा एचसी-११० डेव्हलपर मिळाला तर तो वापरा. आणि धुण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा, की आजोबा तेव्हा कुणाचे फोटो काढत होते. निगेटिव्ह पाहिल्यावर विचाराल तर प्रत्येकाला त्यात हवं तेच दिसेल.

हे अनुभवाने सांगतोय. मीही असाच एक रोल धुतला होता. बारापैकी अकरा चौकोन निव्वळ करडे. एकात आकाशाच्या जागी मोठा ७ उमटलेला. रोलच्या पाठच्या कागदावरची शाई इतक्या वर्षांत फिल्मवर उतरली होती. त्या सातच्या खाली होडीची नाळ आणि वाकून दोर ओढणारा एक माणूस, पाठमोरा. घरातल्या तिघांनी छातीठोकपणे तीन नावं सांगितली. निगेटिव्ह अजून पाकिटात आहे आणि पाकिटावर मी तिन्ही नावं लिहून ठेवली आहेत.