ग्लायसेमिक इंडेक्स आणि शरीराचे वजन

वजन उतरविण्याची चर्चा हल्ली घरोघर चालते आणि तीत ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ हा शब्द वारंवार कानी पडतो. आमच्या एका सहकारी शिक्षकांनी कोठेसे कोष्टक पाहून उन्हाळ्यात कलिंगड सोडले. मात्र मधल्या सुट्टीत बटाट्याचे वेफर्स ते निःशंकपणे खाऊ लागले. कारण कोष्टकात कलिंगडाचा आकडा ७६ आणि वेफर्सचा ५६! दोन महिन्यांनी पाहतात तो वजन वाढलेले. त्यांचे चुकले कोठे, हे समजून घेणे आपणां सर्वांच्याच हिताचे आहे.

प्रथम हा निर्देशांक म्हणजे काय ते पाहू. १९८१ साली कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात डॉ. डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. ज्यातून ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके मिळतील इतका पदार्थ माणसास खावयास देतात आणि पुढे दोन तास त्याच्या रक्तातील साखर मोजतात. ग्लुकोजला १०० धरून तुलना करतात. ५५ पर्यंतचा आकडा कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० व त्यापुढील जास्त समजतात. ही योजना मुळात मधुमेही रुग्णांच्या आहारासाठी होती, वजनासाठी नव्हे.

आता मेख पाहा. हा आकडा साखर किती वेगाने चढते ते सांगतो. आपण किती खाल्ले ते सांगत नाही. कलिंगडातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळविण्यास सुमारे साडेसहाशे ग्रॅम गर खावा लागेल. शंभर ग्रॅमच्या फोडीत ती जेमतेम साडेसात ग्रॅम आणि उष्मांक सुमारे ३०. उलट शंभर ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेहून अधिक उष्मांक! तेलातुपामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, म्हणून साखर हळू चढते आणि आकडा खाली येतो. पण तेलाचे उष्मांक कोठे जातात? ते अंगालाच लागतात. आपल्या बेळगावच्या कुंद्यात खवा आहे म्हणून तो वजनाला निरुपद्रवी ठरत नाही, तो याच न्यायाने. रोजा सोडताना खाल्लेल्या खजुराचा आकडा साधारण कमीच असतो; तथापि शंभर ग्रॅम खजुरात सुमारे २८० उष्मांक असतात. तीन खजूर निराळे आणि वाडगाभर निराळे.

मग शास्त्रीय प्रयोग काय सांगतात? २००७ साली कोक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात कमी निर्देशांकाच्या आहाराने सुमारे एक किलो अधिक वजन घटल्याचे आढळले. पण त्यात माणसे थोडी होती. २०१० साली युरोपातील आठ देशांतील प्रयोगात, आधी उतरविलेले वजन पुन्हा वाढू न देण्यास किंचित अधिक प्रथिने व किंचित कमी निर्देशांक यांचे साहाय्य झाले. २०२३ च्या कोक्रेन आढाव्याने मात्र इतर आहारांच्या तुलनेत वजनात फरक अत्यल्प किंवा नाहीच, असा निष्कर्ष काढला.

सारांश, हा निर्देशांक अगदी टाकाऊ नाही, पण तो तराजूही नव्हे. हरभरा, मसूर यांचे आकडे ३० च्या आसपास असतात. त्यांत प्रथिने व चोथा भरपूर असल्याने पोट बराच वेळ भरलेले राहते. ताटात भात थोडा कमी व उसळ थोडी अधिक, एवढा बदल कोष्टकाशिवायही करता येतो. दोन पदार्थ सारख्याच प्रतीचे असतील तेव्हा निर्देशांक पाहावा. वेफर्स आणि फळ यांत निवड करण्यासाठी नव्हे.

मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी आहारात फेरफार करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे. बाकीच्यांनी आधी ताटातील प्रमाण पाहावे आणि मग कोष्टक. आमचे सहकारी आता मधल्या सुट्टीत कलिंगडाचा डबा उघडतात आणि आम्हांसही एक फोड देतात.