रामशेजची शिकवण तुमच्या कारखान्याला

प्रश्न : एकलहऱ्यात माझे छोटे फॅब्रिकेशन युनिट आहे. बारा कामगार आहेत, पण बहुतेक काम एकाच मोठ्या ग्राहकाचे. ‘शिवरायांची युद्धनीती व्यवसायात वापरा’ असे व्याख्यानांत ऐकतो. प्रत्यक्षात काय करू?

उत्तर : तुमच्या जिल्ह्यातला, दिंडोरी तालुक्यातला रामशेज आठवा. 1682 पासून काही वर्षे त्या लहानशा किल्ल्याने मुघल फौजांना दाद दिली नाही. अखेर तो गेला, तो हल्ल्याने नव्हे, फितुरीने. यात दोन धडे आहेत.

पहिला, साठा. गडावर धान्य आणि दारूगोळा असेल तरच वेढा सोसता येतो. तुमचा साठा म्हणजे रोकड. किमान तीन महिन्यांचे पगार आणि हप्ते भागतील एवढी रक्कम बाजूला ठेवा. ती साठेपर्यंत नवे यंत्र कर्जाने घेऊ नका. सोबत दोन-तीन लहान ग्राहक जोडा. एकच वाट असलेला गड लवकर कोंडला जातो.

दुसरा, अधिकारांची वाटणी. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे वेगवेगळे अधिकारी असत, म्हणजे सारी सूत्रे एका हाती जात नसत. तुमच्याकडेही खरेदी, हिशेब आणि माल ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे द्या.

एक मर्यादा मात्र पाळा. स्पर्धक हा शत्रू नव्हे आणि कामगार हा हुकमाचा शिपाई नव्हे. पगार वेळेवर द्या. निष्ठा तिथूनच सुरू होते.