विरजण हे दह्याचे बियाणे
घरच्या घरी, अल्प खर्चात व खात्रीने दही लावण्याची पद्धत

दुभते जनावर दारी असलेल्या कुटुंबात दुधाचा काही भाग दररोज घरातच राहतो. ज्या वाड्यावस्त्यांवर संकलन केंद्राची गाडी दिवसातून एकदाच येते, तेथे तर संध्याकाळची सगळी धार घरात पडून राहते. उन्हाळ्यात न तापविलेले दूध काही तासांतच आंबू लागते. अशा दुधाचे दही केले तर ते टिकते, कुटुंबाच्या आहारात पडते आणि पुढे ताक, लोणी, तूप व चक्का यांचीही सोय होते. परंतु दही एक दिवस चांगले लागले आणि दुसऱ्या दिवशी बिघडले, तर दूध, सरपण व श्रम ही तिन्ही वाया जातात. पुष्कळ घरांत दही लागणे हा हातगुणाचा भाग समजला जातो. वस्तुतः त्यात हातगुण नाही. पेरणी यशस्वी होण्यास जसे शुद्ध बियाणे, तयार जमीन, योग्य प्रमाण व पुरेशी ऊब लागते, तसेच दह्याचेही आहे. विरजण हे दह्याचे बियाणे होय, आणि बियाण्याची निगा राखणाऱ्यास पीक सहसा दगा देत नाही.

दही कसे लागते

दुधात सुमारे साडेचार ते पाच टक्के दुग्धशर्करा असते. विरजणातील सूक्ष्म जंतू या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढत गेले म्हणजे दुधातील केसीन नावाचे प्रथिन एकत्र येऊन त्याची जाळी बनते व तिच्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात. हेच दही. ताज्या दुधाची आम्लता लॅक्टिक आम्लाच्या हिशेबाने ०.१४ टक्क्यांच्या आसपास असते. चांगल्या, फार आंबट न झालेल्या दह्याची ०.७ ते ०.८ टक्के असते.

स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनीव्हा येथे आपल्या देशातील दह्याचे परीक्षण करून त्यातील दंडाकृती जंतू ओळखला. आपल्याकडील घरगुती दह्यात मध्यम उबेत वाढणारे गोलाकार जंतू व दंडाकृती जंतू यांचे मिश्रण असते. गोलाकार जंतूंमुळे दह्यास सौम्य चव व सुवास येतो, तर दंडाकृती जंतू अधिक आम्ल सहन करतात. म्हणून दही फार वेळ उबेत राहिले की दंडाकृती जंतूंचे प्राबल्य होते. तेच दही पुन्हापुन्हा विरजण म्हणून वापरल्यास घरचे दही दिवसेंदिवस आंबट होत जाते.

लिंबाचा रस घालून दूध घट्ट करण्याचा प्रयत्न काही ठिकाणी होतो. त्याने दूध फाटते, दही लागत नाही; कारण रसात आम्ल असले तरी दही लावणारे जंतू नसतात. जेथे विरजण मुळीच मिळत नाही तेथे देठासह मिरची कोमट दुधात टाकण्याची जुनी रीत आहे. वनस्पतींच्या पृष्ठभागावर असे जंतू असू शकतात. तथापि कोणते जंतू वाढतील याचा भरवसा नसल्यामुळे शेजारून चांगले विरजण आणणे हाच उत्तम मार्ग होय.

दुधाची तयारी

दूध स्वच्छ व ताजे असावे. धार काढण्यापूर्वी कास धुऊन कोरड्या फडक्याने पुसावी आणि दूध गाळून घ्यावे. दही लावण्यासाठी ते चांगले उकळून नंतर मंद आचेवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, कच्च्या दुधातून क्षय व सांसर्गिक गर्भपात यांसारख्या रोगांचे जंतू माणसापर्यंत पोहोचू शकतात. दह्याच्या आंबटपणाने ते खात्रीने मरतातच असे नाही. म्हणून कच्च्या दुधाचे दही लावू नये. दुसरे असे की, ८५ अंश सेंटीग्रेडच्या वर तापविल्याने दुधातील इतर प्रथिने केसीनशी जोडली जातात व दह्याची जाळी पाणी अधिक धरून ठेवते. नुसत्या कोमट केलेल्या दुधाचे दही पातळ होते ते यामुळेच.

म्हशीच्या दुधात घन पदार्थ अधिक असल्याने त्याचे दही सहज घट्ट लागते. गाईच्या दुधाचे दही स्वभावतःच मऊ असते. तो दोष नव्हे. ते अधिक घट्ट हवे असल्यास दूध आटवून त्याचा दहावा भाग कमी करावा, अथवा दर लिटरमागे २० ते ३० ग्रॅम स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी थोड्या दुधात कालवून तापविण्यापूर्वी मिसळावी. सरपण महाग असेल तेथे दुसरा उपाय बरा.

विरजणाची निवड व प्रमाण

विरजण आदल्या दिवशीचे, कवडी चांगली बसलेले, सुवासिक व बेताचे आंबट असावे. बुरशी आलेले, तार सुटणारे, बुडबुडे धरलेले अथवा कडवट दही विरजणास घेऊ नये. जेवणात वाढण्यापूर्वीच चांगले दही स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवावे. ताटातून उरलेले अथवा उष्ट्या चमच्याचा स्पर्श झालेले दही विरजणास वापरणे म्हणजे खळ्यातील झाडलोट पेरण्यासारखे आहे.

दर लिटर दुधास विरजणाचे प्रमाण व लागणारा वेळ सामान्यतः पुढीलप्रमाणे धरावा. लहान चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम.

उन्हाळा : १ चमचा; ४ ते ६ तास.
पावसाळा : २ चमचे, ६ ते ८ तास.
हिवाळा : ४ चमचे, ८ ते १२ तास.

गावाच्या हवेनुसार यात थोडाफार फरक करावा लागेल. अधिक विरजण घातले म्हणजे दही अधिक चांगले लागते, ही समजूत बरोबर नाही. दाट पेरलेल्या रोपांप्रमाणे त्याचाही परिणाम उलटाच होतो. दही घाईने आंबते व त्यास पाणी सुटते.

ऊब कशी राखावी

उकळलेले दूध कोमट होईपर्यंत, म्हणजे ३५ ते ४० अंशांपर्यंत, निवू द्यावे. उष्णतामापक नसल्यास स्वच्छ चमच्याने दोन थेंब मनगटाच्या आतील बाजूस टाकावेत. किंचित कोमट लागले तर दूध योग्य झाले. चटका बसल्यास थांबावे. ५० अंशांहून अधिक गरम दुधात विरजण घातल्यास त्यातील पुष्कळसे जंतू मरतात. गार दुधात घातल्यास ते जिवंत राहतात खरे, पण त्यांची वाढ मंदावते व त्या अवधीत नको असलेले जंतू जोर धरतात.

विरजण प्रथम वाटीभर कोमट दुधात फेटून एकजीव करावे व मग सर्व दुधात सारखे ढवळावे. त्यानंतर भांडे झाकून एका जागी ठेवावे. दही लागत असताना ते हलविल्यास जाळी तुटते व निवळी वेगळी होते. दिवसाचे दूध एरव्हीही तापवावेच लागते. ते निवत असतानाच विरजले म्हणजे दह्यासाठी निराळे सरपण लागत नाही.

थंडीच्या दिवसांत भाताचे तूस अथवा कोरडे गवत भरलेली टोपली उपयोगी पडते. टोपलीच्या तळाशी चार बोटे थर द्यावा, झाकलेले भांडे मध्यभागी ठेवावे, सर्व बाजूंनी तूस दाबून भरावे आणि वरून गोणपाट किंवा घोंगडी पांघरावी. दुधाची स्वतःची ऊब अशा टोपलीत पुष्कळ तास टिकते व चुलीजवळ भांडे ठेवून एका बाजूने तापण्याचा धोका राहत नाही. उन्हाळ्यात याची गरज नसते. उलट दही लागताच भांडे थंड जागी अथवा शीतकपाटात हलवावे, म्हणजे आंबटपणा वाढत नाही.

भांडे स्टीलचे, काचेचे, चिनी मातीचे अथवा साध्या मातीचे असावे. मातीचे गाडगे थोडे पाणी शोषून घेते व ते बाहेरून वाळत असल्याने आतील दही थंड व घट्ट राहते. मात्र ते उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळविले पाहिजे. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात दही कधीही ठेवू नये. आम्लामुळे धातूचा अंश दह्यात उतरतो व तो आरोग्यास अपायकारक असतो.

दही बिघडल्यास दोष कोठे शोधावा

दही फार आंबट झाले किंवा त्यावर निवळी आली, तर विरजण अधिक पडले, ऊब जास्त झाली अथवा दही वेळेवर गार केले गेले नाही, असे समजावे. दही पातळ राहिले तर दूध पुरेसे तापविले नसावे किंवा ऊब कमी पडली असावी. दह्यात बुडबुडे आले, ते फुगले अथवा त्यास घाण वास आला, तर भांडी, पाणी किंवा विरजण अस्वच्छ होते. असे दही खाऊ नये. तार सुटल्यास अथवा कडवटपणा आल्यास जुने विरजण टाकून द्यावे व भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत.

सर्व काळजी घेऊनही दही मुळीच लागत नसेल तर दोष विरजणात आहे की दुधात, हे आधी ठरवावे. त्यासाठी दोन वाट्यांची सोपी परीक्षा आहे. एका वाटीत शेजारचे तापविलेले दूध घेऊन त्यास घरचे विरजण लावावे. दुसऱ्या वाटीत घरचे दूध घेऊन त्यास शेजारचे विरजण लावावे. दोन्ही वाट्या एकाच उबेत ठेवाव्यात. पहिली लागली नाही तर दोष विरजणाचा. दुसरी लागली नाही तर दोष दुधाचा.

दोष दुधाचा निघाल्यास गोठ्याकडे लक्ष द्यावे. कासदाह म्हणजे दगडी झालेल्या जनावरास पेनिसिलीनसारखी प्रतिजैविक औषधे दिली जातात व त्यांचा अंश काही दिवस दुधात उतरतो. रोगजंतूंना मारणारे हे औषध विरजणातील जंतूंनाही वाढू देत नाही. उपचार चालू असलेल्या एका म्हशीचे दूध सर्वांत मिसळल्यास सगळ्या घागरीचे दही बिघडू शकते. पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत पुरी होईपर्यंत असे दूध वेगळे काढावे; ते दह्यास वापरू नये, घरात पिऊ नये आणि संकलन केंद्रावरही घालू नये. उकळल्याने हा अंश पूर्णपणे नाहीसा होत नाही. तसेच दूध नासू नये म्हणून त्यात सोडा घातला असेल तर तयार होणारे आम्ल सोड्यातच खर्ची पडते व दही उशिरा लागते. दुधात सोडा घालणे ही भेसळच होय.

विरजण सांभाळणे

रोज थोडे दूध विरजणाऱ्या घरात विरजण आपोआप ताजे राहते. काही दिवस दही लावावयाचे नसेल तर विरजणाची वाटी शीतकपाटात ठेवावी आणि आठवड्यातून एकदा वाटीभर दुधात नवी करावी. विरजण सतत आंबट होऊ लागले तर ते चांगल्या घरच्या विरजणाने बदलावे. शेजारणीकडून विरजण मागण्याची जुनी चाल यासाठीच मोलाची आहे. एकाच वस्तीतील तीनचार घरांनी चांगले विरजण राखले, तर एका घरचे बिघडले तरी वस्तीचे बियाणे बुडत नाही.

खर्चाचा हिशेब

एक लिटर दुधाचे वजन सुमारे १,०३० ग्रॅम भरते. तापविताना होणारी घट वजा जाता त्यापासून ९५० ग्रॅमच्या आसपास दही मिळते. त्यातून २० ग्रॅम उद्याचे विरजण काढले की नवे विरजण विकत आणावे लागत नाही. म्हणून एका लिटरच्या दह्याचा खर्च म्हणजे दुधाला केंद्रावर मिळणारा भाव अधिक थोडे सरपण. या रकमेची बाजारातील दह्याच्या दराशी तुलना करून दूध विकावे की विरजावे, हे कुटुंबाने ठरवावे. मात्र सर्व दूध विकून घरातील मुलांना दह्याताकावाचून ठेवणे हा फायद्याचा व्यवहार नव्हे. दही विक्रीसाठी करावयाचे असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी.

पाच वाट्यांचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती केवळ भाषणाने देऊ नये. महिला बचत गटाच्या बैठकीत संध्याकाळी एकाच भांड्यातील उकळलेले दूध पाच सारख्या वाट्यांत घ्यावे. पहिलीत कोमट दूध व बेताचे विरजण. दुसरीत तेवढेच विरजण, पण दूध नुकतेच उकळलेले. तिसरीत दूध गार व वाटी उघड्या थंड जागी. चौथीत कोमट दुधास चौपट विरजण. पाचवीत विरजणाऐवजी लिंबाचा रस. प्रत्येक वाटीवर चिठ्ठी लावून ती झाकावी. तिसरीखेरीज सर्व वाट्या एकाच उबदार जागी ठेवाव्यात. सकाळी सर्वांसमक्ष झाकणे काढून वाट्या शेजारी शेजारी मांडाव्यात व काय फरक पडला ते उपस्थित महिलांनाच सांगू द्यावे. पहिल्या वाटीतील घट्ट दही प्रत्येकीला चमचाभर विरजण म्हणून घरी न्यावयास द्यावे.