यंत्र घरात आहे, नोंदीत नाही

तागा पारखायला कापडवाल्याला तो सगळा उलगडावा लागत नाही. मधल्या दोन-चार घड्या उघडल्या की वीण आणि वजन कळते. मात्र डाग असलेली घडी कोणी लपवली तर घेणारा फसतो. १९५० साली प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी अशीच चालते.

तिची ७६ वी फेरी जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये घर, पाणी व स्वच्छता या विषयांवर झाली. देशभरात १,०६,८३८ कुटुंबांना विचारले गेले. म्हणजे एक कुटुंब दोन हजारांहून अधिक कुटुंबांच्या वतीने बोलले! खोल्या किती, हवा येते का, भाडेकरार लेखी की तोंडी, असे पुष्कळ प्रश्न होते. आपल्या कामाचा प्रश्न मात्र एकच : घर फक्त राहण्यासाठी, की धंद्यासाठीही?

भुईगावात माझे कापड शिवणारे एक कारागीर आहेत. मागच्या खोलीत तीन यंत्रे, त्याच खोलीत रात्री मुलांचे अंथरूण. मी त्यांना हा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, "शेठ, मी तर 'फक्त राहण्यासाठी' असेच सांगेन. उद्या विजेचा मीटर धंद्याचा केला तर?" भीती खोटी नाही. पण अशा उत्तराने त्यांच्यासारख्या हजारो घरांतली यंत्रे हिशेबातून गळतात.

मग आकडे छान दिसतात. शहरांतील ९६ टक्के कुटुंबांची घरे पक्की, सरासरी क्षेत्रफळ ४६.१ चौरस मीटर. सरासरीत बंगलाही येतो आणि चाळीतली खोलीही. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत शहरी दुर्बल घटकासाठी ३० चौरस मीटरपर्यंतचे घर धरले होते. त्यात संसार मावेल. यंत्र आणि कापडाचे गठ्ठे कुठे ठेवायचे?

सच्चर समितीने २००६ मध्ये नमुना पाहणी आणि जनगणना यांचेच आकडे वापरले. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी ७० टक्के स्वतःच्या घरातच काम करतात, सर्व समाजांत हे प्रमाण ५१ टक्के, असे तिने मांडले. आपण वर्षानुवर्षे तक्रार करीत होतो, पण ती आकड्यांत आली तेव्हाच दिल्लीत तिच्यावर चर्चा झाली.

राहिली मीटरची भीती. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याप्रमाणे दिलेली माहिती सांख्यिकीच्या कामासाठीच वापरता येते. ती एक अमानत आहे. हे मी त्या कारागिरांना सांगितले, तेव्हा ते थोडे सैल झाले.

जानेवारी २०२५ पासून पाहणीची आखणी जिल्हा हा मूळ घटक धरून होते. त्यामुळे पालघर जिल्ह्याचे चित्र वेगळे दिसू शकेल. पाहणीवाला दारात आला तर आधी ओळखपत्र पाहावे, मग त्याला मागची खोलीही दाखवावी.